घड्याळांच्या संग्राहकाने पुनर्विक्रीच्या किमतीवर लक्ष ठेवावे का?

सव्वासात

नमस्कार मंडळी,

गेली काही वर्षे मी यांत्रिक मनगटी घड्याळे जमवतो आहे. संग्रह लहान आहे, त्यातील बहुतेक घड्याळे स्विस आहेत आणि प्रत्येक घड्याळ मी वापरण्यासाठीच घेतलेले आहे. ज्या संग्राहकांशी माझी ऊठबस असते, त्यांच्यापैकी बरेच जण आपल्या प्रत्येक घड्याळाचा बाजारभाव दर महिन्याला तक्त्यात नोंदवतात. त्यांचे पाहून मीही तसा तक्ता ठेवू लागलो. त्याचा एक परिणाम आता माझ्या लक्षात आला असून तो मला अस्वस्थ करतो. ज्या घड्याळाचा भाव चढला आहे, ते हातात घालताना ओरखड्याची धास्ती वाटते. ज्याचा उतरला आहे ते, अगदी आवडते असले तरी, कपाटातून काढावेसे वाटत नाही. वास्तविक दोन्ही घड्याळे जशी होती तशीच आहेत.

दुसऱ्या बाजूने विचार केला तर यात गुंतलेली रक्कम लहान नसते. एवढा पैसा ज्या वस्तूंत अडकला आहे, त्यांचे आजचे मोल ठाऊक नसणे हा बेफिकीरपणा ठरेल, असेही वाटते. २०२२ च्या सुरुवातीपर्यंत भाव कसे चढत गेले आणि त्यानंतर कसे उतरले, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. त्या चढावर ज्यांनी घाईने खरेदी केली त्यांच्यापैकी अनेकांना आधीच्या भावांची माहितीच नव्हती.

माझा प्रश्न असा आहे की, घड्याळे विकण्याचा इरादा नसलेल्या संग्राहकाने ही किंमत पाहत राहावी का? पाहायची असल्यास कोणती आणि किती वेळा?

अनाहत

लक्ष ठेवावे, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र आपण जिच्यावर लक्ष ठेवतो ती नेमकी कोणती किंमत आहे, हे आधी ठरवायला हवे, कारण एकाच घड्याळाला एकाच दिवशी चार-पाच किमती असतात. शोरूममधील छापील किंमत ही पहिली; जी मॉडेले मागूनही मिळत नाहीत, त्यांच्या बाबतीत ती केवळ कागदावर राहते. क्रोनो२४ सारख्या संकेतस्थळावर विक्रेते लावतात ती दुसरी. ही मागितलेली किंमत असते, मिळालेली नव्हे, आणि जे घड्याळ महिनोन्‌महिने कोणीही घेतलेले नाही तेही तेथे त्याच भावाने झळकत राहते. डीलर तुमच्याकडून ज्या भावाने आज रोखीने उचलेल ती तिसरी, आणि विकण्याची वेळ आलीच तर बहुतेकांच्या पदरी पडते ती हीच. चौथी लिलावाची. लिलावाचा जाहीर झालेला निकाल सहसा खरेदीदाराकडून घेतले जाणारे शुल्क मिळवून सांगितलेला असतो; मोठ्या लिलावसंस्थांमध्ये हे शुल्क हातोडा पडलेल्या रकमेच्या पाव हिश्शाच्या आसपास असते, आणि शिवाय विक्रेत्याकडूनही कमिशन कापले जाऊ शकते. म्हणजे बातमीत छापलेला आकडा आणि विकणाऱ्याच्या हाती पडलेली रक्कम यांत बरेच अंतर असते. रोलेक्सने डिसेंबर २०२२ मध्ये आपल्या वापरलेल्या घड्याळांची प्रमाणित विक्री जाहीर केल्यापासून त्यात पाचव्या किमतीची भर पडली आहे. कंपनीची दोन वर्षांची हमी मिळत असल्याने ती सहसा खुल्या बाजारापेक्षा चढी असते.

आपल्यापैकी बहुतेक जण तक्त्यात दुसरी किंमत लिहितात आणि मनात तिला तिसरी समजतात. सगळा घोळ तेथे होतो.

त्यात मालकीची भावना मिसळली की अंदाज आणखी बिघडतो. डॅनियल कानेमन, जॅक क्नेच आणि रिचर्ड थेलर यांनी १९९० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत निम्म्या विद्यार्थ्यांना साधे कॉफीचे मग दिले होते. ज्यांना मग मिळाले त्यांनी तो विकण्यासाठी मागितलेली किंमत ही इतरांनी देऊ केलेल्या किमतीच्या सुमारे दुप्पट होती. नुकत्याच हाती आलेल्या मगाच्या बाबतीत असे होत असेल, तर वर्षानुवर्षे मनगटावर वागवलेल्या घड्याळाचे आपण केलेले मूल्यमापन किती भरवशाचे धरायचे? झालेल्या व्यवहारांचे आकडे पाहणे हा त्यावरचा उपाय आहे, आणि म्हणूनच मी लक्ष ठेवण्याच्या बाजूने आहे.

तुमच्या तिसऱ्या प्रश्नाबद्दल सांगायचे तर, दर महिन्याला पाहणे हे फार झाले. एवढ्या थोड्या काळात होणारी हालचाल बऱ्याचदा घड्याळाची नसतेच. स्विस मध्यवर्ती बँकेने १५ जानेवारी २०१५ रोजी युरोच्या तुलनेत फ्रँकला घातलेली मर्यादा अचानक उठवली, तेव्हा एका दिवसात फ्रँक उसळला. त्या दिवशी युरोत आणि फ्रँकमध्ये तक्ता ठेवणाऱ्या दोन संग्राहकांना एकाच घड्याळाबद्दल दोन वेगळ्या गोष्टी दिसल्या असत्या. घड्याळ घेताना, विकताना आणि विम्याचे नूतनीकरण करताना, अशा तीन प्रसंगी नीट शोध घ्यावा. एरवी तक्ता बंद ठेवलेला बरा.

रानवारा

अनाहत यांनी किमतींचे केलेले विवरण बिनचूक आहे, तरीही त्यांच्या निष्कर्षाशी मी सहमत नाही. घड्याळ घेतानाच पुनर्विक्रीची किंमत पाहणे हे माझ्या मते सर्वांत घातक आहे, कारण निवड तेथेच ठरते. "हे आवडले, पण याला पुढे भाव येत नाही" असे म्हणून बाजूला ठेवलेले प्रत्येक घड्याळ संग्राहकाला इतरांसारखे करत जाते. आज अनेकांचे संग्रह पाहिले तर त्यांत तीच तीन-चार नावे, तोच स्टीलचा पट्टा आणि तीच निळी तबकडी दिसते. हे सर्वांच्या आवडीचे एकमत झाले म्हणून घडले, असे मला वाटत नाही. सर्वांनी एकच तक्ता समोर ठेवून खरेदी केली म्हणून ते घडले.

भाव हा त्या काळच्या मागणीचा आरसा असतो आणि मागणी कशी चुकते याचे दाखले घड्याळांच्या इतिहासात पदोपदी मिळतात. रोलेक्सचे डेटोना १९६३ साली आले. त्याच्या ज्या भडक, वेगळ्या धाटणीच्या तबकडीला आज "पॉल न्यूमन" म्हणतात, तिला त्या काळी फारसे गिऱ्हाईक नव्हते. स्वतः हॉलिवूड अभिनेते पॉल न्यूमन यांच्या मनगटावर राहिलेले घड्याळ ऑक्टोबर २०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात १ कोटी ७७ लाख डॉलरपेक्षा अधिक किमतीला गेले. सेइकोने २५ डिसेंबर १९६९ रोजी अ‍ॅस्ट्रॉन हे बॅटरीवर चालणारे क्वार्ट्झ घड्याळ बाजारात आणल्यानंतरच्या दीड दशकात स्विस घड्याळ उद्योगातील रोजगार सुमारे ९० हजारांवरून जेमतेम तिसऱ्या हिश्शावर आला. त्या काळात कोणी आलेख काढला असता, तर त्याने यांत्रिक घड्याळे मिळेल त्या भावाने काढून टाकण्याचाच सल्ला दिला असता. झेनिथ या स्विस घड्याळ कंपनीत नेमका तसाच आदेश निघाला होता. चार्ल्स व्हर्मो या तेथील कारागिराने एल प्रिमेरो या यंत्राचे साचे आणि अवजारे मोडीत जाऊ न देता माळ्यावर लपवून ठेवली. पुढे १९८८ साली पहिले स्वयंचलित, म्हणजे मनगटाच्या हालचालीने आपोआप चावी भरणारे, डेटोना आले, ते याच एल प्रिमेरोवर बेतलेल्या यंत्रासह. व्हर्मो यांना त्या यंत्राचे मोल कळत होते आणि ते कळण्यासाठी त्यांना बाजाराला विचारावे लागले नाही.

केवळ गुंतवणूक म्हणून पाहायचे ठरवले तरी आकडे वाटतात तेवढे दिपवणारे नाहीत. पाटेक फिलिपने हेन्री ग्रेव्ह्ज यांच्यासाठी बनवलेले खिशातील घड्याळ १९९९ साली सुमारे १ कोटी १० लाख डॉलरना आणि २०१४ साली सुमारे २ कोटी ४० लाख डॉलरना विकले गेले. मोठाल्या आकड्यांमुळे हे थक्क करणारे वाटते, पण पंधरा वर्षांचा हिशेब मांडला तर वाढ वर्षाला सव्वापाच टक्क्यांच्या आसपास बसते. विमा, सुरक्षित जागा आणि लिलावाचे खर्च त्यातूनच वजा करायचे. जगातील सर्वांत नावाजलेल्या घड्याळाची ही कथा, तर आपल्या कपाटातील घड्याळांकडून किती अपेक्षा ठेवावी?

सव्वासात, तक्त्यामुळे एखादे आवडते घड्याळ तुम्हाला घालावेसे वाटत नसेल, तर त्या तक्त्याने तुमचे नुकसान करायला सुरुवात केली आहे. माझा सल्ला असा की तो पुसून टाका.

अनाहत

रानवारा, डेटोनाचे उदाहरण तुमच्या मुद्द्याला आधार देत नाही. त्या काळात न खपलेल्या तबकड्या शेकडो प्रकारच्या होत्या आणि त्यांपैकी बहुतेकींना आजही कोणी विचारत नाही. जी एक पुढे गाजली तिचेच नाव आपल्याला आठवते. हाच नियम चढ्या भावांनाही लागू पडतो. पाटेकच्या नॉटिलस ५७११ या मॉडेलचे उत्पादन बंद होत असताना टिफनी या अमेरिकन जवाहिऱ्यांच्या खास निळ्या तबकडीची १७० घड्याळे काढली गेली आणि त्यांतील पहिले डिसेंबर २०२१ मधील लिलावात सुमारे ६५ लाख डॉलरना गेले. तो लिलाव धर्मादाय कामासाठी होता. तरीही त्या आकड्याच्या प्रकाशात अनेकांनी साध्या ५७११ साठी छापील किमतीच्या कित्येक पट रक्कम मोजली आणि काही महिन्यांतच उतरती कळा पाहिली. किमतीकडे पाठ फिरवणाऱ्याला अशा वेळी वाचवणारे काहीच हाताशी नसते. आवडीसाठी जास्त पैसे मोजायला माझी हरकत नाही. किती जास्त मोजतो आहोत, हे ठाऊक असावे एवढेच माझे म्हणणे आहे.

शलाका

माझे काम विमादाव्यांशी संबंधित असल्यामुळे मी या प्रश्नाकडे थोड्या वेगळ्या बाजूने पाहते. घड्याळ विकायचे नसले तरी ते चोरीला जाऊ शकते, हरवू शकते, आणि कधी ना कधी ते दुसऱ्या कोणाच्या हाती जाणारच असते. या तिन्ही प्रसंगी किमतीचा प्रश्न विचारला जातो आणि त्या वेळी उत्तर शोधायला सवड नसते.

अनेक संग्राहक खरेदीची पावती जोडून विमा उतरवतात आणि पुढे त्या आकड्याला हातच लावत नाहीत. पॉलिसीत ठरलेली रक्कम मिळण्याची तरतूद आहे की घटनेच्या दिवशीच्या बाजारभावाप्रमाणे भरपाई मिळणार आहे, हे आधी वाचून पाहावे, कारण दोन्हींचे परिणाम अगदी भिन्न असतात. काही पॉलिसींमध्ये विम्याची रक्कम प्रत्यक्ष मूल्यापेक्षा कमी आढळल्यास भरपाई त्याच प्रमाणात कापली जाते. समजा, संग्रहाचे मूल्य दुप्पट झाले आणि विमा जुन्याच आकड्यावर राहिला, तर एकच घड्याळ गेले असतानाही त्याच्या निम्मीच रक्कम हाती पडू शकते. उलट भाव उतरल्यावरही जुन्या चढ्या आकड्यावर हप्ता भरत राहण्यात अर्थ नसतो. आणखी एक गोष्ट म्हणजे, विम्यासाठी लागणारे मूल्यांकन हे तसेच घड्याळ पुन्हा विकत घ्यायला किती खर्च येईल यावर आधारलेले असावे. डीलर देईल त्या किमतीपेक्षा ते बरेच जास्त भरते आणि तसे ते भरणे योग्यही आहे.

तथापि अनुभवाने सांगते, की दावा अडतो तो सहसा किमतीवरून नव्हे, तर घड्याळ नेमके कोणते होते हे सिद्ध न झाल्यामुळे. म्हणून तक्त्यापेक्षा प्रत्येक घड्याळाची एक फाइल ठेवा. तीत रेफरन्स नंबर (म्हणजे मॉडेलचा क्रमांक), सीरियल नंबर, खरेदीची पावती, हमीपत्र, सर्व्हिसिंगची बिले आणि तबकडी, मागील झाकण व कडा स्पष्ट दिसतील अशी छायाचित्रे असावीत. सीरियल नंबर दिसणारे छायाचित्र मात्र सार्वजनिक ठिकाणी कधीही टाकू नये. घड्याळ चोरीला गेल्यास पोलिसांकडील तक्रारीबरोबरच वॉच रजिस्टर या आंतरराष्ट्रीय नोंदवहीत त्याची नोंद करता येते. जुनी घड्याळे विकत घेणारे अनेक डीलर आणि लिलावसंस्था तेथे तपासणी करून घेतात, पण सीरियल नंबरच हाताशी नसेल तर या सोयीचा फारसा उपयोग होत नाही.

वारसांबद्दलही एक विनंती आहे. आपल्या पश्चात घरातील माणसांना स्टीलचे घड्याळ साधे आणि सोन्याचे मौल्यवान वाटते. प्रत्यक्षात अनेकदा उलट असते आणि पहिला भेटलेला खरेदीदार त्याचा फायदा उठवतो. फाइलमध्ये प्रत्येक घड्याळासाठी चार ओळी लिहून ठेवाव्यात, की हे काय आहे, कोणाला दाखवावे आणि किती रकमेच्या खाली देऊ नये.

सव्वासात

सर्वांचे मनापासून आभार. शलाका यांनी सुचवलेली फाइल मी सुरू करतो आहे. त्या निमित्ताने एक नेमकी अडचण विचारतो. माझ्याकडे १९७० च्या दशकाच्या सुरुवातीचे एक स्टीलचे घड्याळ आहे. ते सर्व्हिसिंगला द्यायचे असून केसला पॉलिश करावे, काटे बदलावेत आणि तबकडीवरील पिवळट पडलेले ठिपके नव्याने भरून घ्यावेत, म्हणजे घड्याळ नव्यासारखे दिसेल, असे मला सुचवण्यात आले आहे. हे घड्याळ मला विकायचे नाही. मग पुढच्या किमतीचा विचार करून मी ते जुनाट दिसू द्यावे का?

चक्रधर

मी घड्याळदुरुस्तीच्या व्यवसायात आहे, म्हणून याचे उत्तर देतो. यंत्राची सफाई आणि तेलपाणी अवश्य करून घ्या. वाळलेल्या तेलावर घड्याळ चालत राहिले तर चाकांचे आस झिजतात आणि त्यात ना तुमचा फायदा असतो ना पुढच्या मालकाचा. पॉलिश, काटे आणि ठिपके या तिन्ही गोष्टींना मात्र नकार द्या आणि तो नकार सर्व्हिसिंगच्या कागदावर लिहून घ्या, कारण अनेक ठिकाणी पॉलिश हा नेहमीच्या सर्व्हिसिंगचाच भाग धरला जातो.

कारण समजून घ्यायचे असेल तर भिंग घेऊन घड्याळ आडवे धरा आणि पट्टा अडकवण्याच्या चार टोकांकडे, म्हणजे लगकडे, पाहा. कारखान्यातून आलेल्या केसवर रेघाळ पृष्ठभाग आणि चकचकीत पृष्ठभाग जेथे मिळतात, तेथे धारदार कड असते आणि काही मॉडेलांत तेथे तिरकस कापलेली अरुंद पट्टी असते. पॉलिश म्हणजे धातू घासून काढणे. प्रत्येक वेळी ती कड थोडी गोल होते, लग थोडे बारीक होतात आणि पट्ट्याच्या कांडीसाठी पाडलेले भोक काठाच्या जवळ सरकल्यासारखे दिसते. चारही लग एकमेकांशी ताडून पाहिले, तर हात कोठे जास्त पडला तेही ओळखता येते. गेलेला धातू लेझर वेल्डिंगने पुन्हा भरता येतो, पण ती महागडी डागडुजी ठरते आणि जाणकाराच्या नजरेतून ती सुटतेच असे नाही.

ठिपक्यांची गोष्ट याहून नाजूक आहे. त्या काळात अंधारात चमकण्यासाठी ट्रिटियम हा किरणोत्सर्गी पदार्थ वापरत असत आणि तबकडीच्या तळाशी स्विस या शब्दाच्या दोन्ही बाजूंना इंग्रजी टी अक्षर छापलेले आढळते. ट्रिटियमचा अर्धायुष्यकाल, म्हणजे तो निम्मा होण्यास लागणारा काळ, सुमारे १२.३ वर्षे असल्याने पन्नास वर्षांनी त्याचा साधारण सोळावा हिस्सा उरतो, आणि त्यात मिसळलेला चमकणारा पदार्थही तोवर थकलेला असतो. म्हणून १९७० च्या दशकातील घड्याळ अंधारात लख्ख चमकू लागले, तर ठिपके नंतर भरलेले आहेत किंवा तबकडीच बदललेली आहे, असे जाणकार लगेच ओळखतात. ठिपके आणि काटे एकाच छटेने पिवळे पडलेले असणे ही ते मूळचे असल्याची महत्त्वाची खूण आहे. ती पुसल्यावर कोणत्याही कागदाने भरून येत नाही.

अशा खुणांसाठी बाजार किती पैसे मोजतो आणि त्यापायी कोणते प्रकार घडतात, याचे एक जाहीर उदाहरण आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये जिनिव्हा येथील लिलावात ऊन लागून तपकिरी झालेल्या तबकडीचे एक ओमेगा स्पीडमास्टर ३१ लाख स्विस फ्रँकपेक्षा अधिक किमतीला गेले. ते वेगवेगळ्या घड्याळांचे भाग जुळवून बनवलेले होते, हे २०२३ साली उघड झाले. तेव्हा खुणा सुट्या सुट्या न पाहता एकत्र ताडून पाहाव्या लागतात.

तुमच्या मूळ प्रश्नाचे उत्तर यातच आहे, असे मला वाटते. मॉडेलचा भाव तुमच्या हातात नाही आणि दर महिन्याला पाहिल्याने तो बदलत नाही. त्याच मॉडेलच्या दोन घड्याळांमध्ये दुपटीचा फरक पडू शकतो, आणि तो फरक जपणे मात्र बऱ्याच अंशी मालकाच्या हातात असते. ओरखड्यांची धास्तीही तुम्ही घेऊ नये. वापराने पडलेले बारीक ओरखडे मान्य करणारे खरेदीदार भरपूर आहेत. घासून गोल केलेली केस पाहून परत फिरणारे त्याहून जास्त आहेत.

रानवारा

चक्रधर यांच्या प्रतिसादातील शेवटच्या परिच्छेदाशी मी पूर्ण सहमत आहे. हा भाग किमतीच्या नावाखाली सांगितला असला तरी त्यात घड्याळाची जपणूकच आहे, आणि किमतीचा विचार न करणारा संग्राहकही हेच करील. एक शंका मात्र आहे. काटा मोडल्यामुळे किंवा गंजल्यामुळे बदलावाच लागला, तर जुना भाग परत मागावा का? आणि मागितल्यास तो दिला जातो का?

चक्रधर

अवश्य मागावा, आणि तोही घड्याळ देतानाच. स्वतंत्र दुरुस्तीकार सहसा जुने भाग परत देतात. काही कंपन्यांच्या अधिकृत सर्व्हिस केंद्रांत बदललेला भाग ठेवून घेण्याची किंवा नव्या भागाच्या बदल्यात जमा करून घेण्याची पद्धत असते, म्हणून घड्याळ त्यांच्या ताब्यात देण्यापूर्वी हे लेखी विचारावे. ते नाही म्हणाले तर घड्याळ दुसरीकडे न्यावे. मूळ तबकडी आणि मूळ काटे सोबत असतील, तर पुढच्या खरेदीदाराला ते परत बसवता येतात आणि किमतीतही त्याचा फरक पडतो. परत मिळालेले भाग लहान बंद पिशवीत घालून, वर घड्याळाचा सीरियल नंबर आणि बदलल्याची तारीख लिहून, त्याच फाइलसोबत ठेवावेत. घड्याळ १९६० पूर्वीचे असेल तर तबकडीवर आणि काट्यांवर रेडियम असण्याची शक्यता धरून चालावे. त्याचा अर्धायुष्यकाल सुमारे १६०० वर्षे असल्याने चमक विझली तरी किरणोत्सर्ग संपलेला नसतो. अशा काट्यांवरचा रंग खरवडू नये, मागील झाकण घरी उघडू नये आणि सुटे भाग मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा जागी ठेवावेत.